धानाच्या राशीतला शेवटचा दाणा

गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्यात बोदलकसा हे गाव. १९१७ साली बांधलेल्या मातीच्या धरणामुळे आणि त्यामागच्या विस्तीर्ण तलावामुळे हे नाव पंचक्रोशीबाहेरही माहीत झालेले आहे. हा सगळा मुलूख धानाचा. दिवाळी उलटली की बांध्यांतले पाणी आटते, कापणी होते, धानाचे पुंजणे रचले जातात आणि मग मळणी. मळणी यंत्राच्या तोंडातून दाणा खाली पडू लागला की खळ्यावर रास वाढू लागते. आपल्या माता-भगिनी सुपाने, टोपल्याने त्याच राशीवर धान ओततात आणि लहान मुले त्या राशीवर चढून शिव्या खातात. या दृश्यात नवल वाटावे असे काय आहे, असे कुणीही विचारील.

वाचक बंधू-भगिनींनो, या वर्षी जरा थांबून पाहा. रास वाढते तशी तिची उंची वाढते, घेरही वाढतो. उतार मात्र वाढत नाही. पायलीभर धानाची रास घ्या नाहीतर दहा पोत्यांची घ्या, कोरड्या धानाचा उतार जमिनीशी साधारण ३५ अंशांच्या आसपासच राहतो. कुणी तो मोजून ठेवत नाही, कुणी थापून बसवत नाही. वरून दाणा पडत राहतो आणि रास आपला उतार आपणच सांभाळते. दुसरी गोष्ट याहून विलक्षण आहे. एक दाणा पडतो, काहीच होत नाही. दुसरा पडतो, तरीही काही होत नाही. तिसरा पडतो आणि पाच-दहा दाणे घरंगळतात. मग कधीतरी तसलाच एक दाणा पडतो आणि राशीची अख्खी बाजू सरसर करीत खाली येते. तो दाणा इतरांपेक्षा जड नव्हता की मोठा नव्हता. मग असे का व्हावे?

हा प्रश्न शाळेतल्या मुलाने विचारला तर आपण त्याला हसून गप्प करू. पण जगातल्या मोठमोठ्या भौतिकशास्त्रज्ञांनी तो गेली जवळजवळ चाळीस वर्षे गांभीर्याने घेतला आहे. त्याचे सर्वांत नेमके उत्तर मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, कागद-पेन्सिलीच्या बळावर काढले गेले. ते काढणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव दीपक धर. त्याच वाटेवरच्या कामासाठी २०२२ साली त्यांना बोल्ट्झमान पदक जाहीर झाले. हे पदक साधारण तीन वर्षांतून एकदा दिले जाते आणि या शाखेतला तो सर्वोच्च मान समजला जातो. ते मिळवणारे धर हे पहिले भारतीय. त्यांच्याबरोबर ते अमेरिकेचे जॉन हॉपफील्ड यांना मिळाले, आणि हॉपफील्ड यांना पुढे २०२४ साली नोबेल पारितोषिक लाभले. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत क्रिकेटच्या एका झेलाला जेवढी जागा मिळते तेवढी या बातमीला मिळाली की नाही, कोण जाणे.

एक दाणा आणि कोटी दाणे

भौतिकशास्त्राची ही जी शाखा आहे तिचा विषय म्हणजे पुष्कळ कण एकत्र आले की काय होते. पाण्याचा एक रेणू ओला नसतो आणि गोठतही नाही. ओलेपणा, गोठणे, वितळणे हे सारे कोट्यवधी रेणूंच्या समूहाचे गुण आहेत. लोहचुंबकाचेही तसेच. एक अणू समजला म्हणून लोखंड समजले असे होत नाही. घन आणि द्रव पदार्थांचे भौतिकशास्त्र या समूहाच्या गुणांचा शोध घेते, आणि त्यासाठी लागणारा हिशेब सांख्यिकीय भौतिकशास्त्र पुरवते.

पाणी शून्य अंशाला गोठते, म्हणजे त्यासाठी कुणीतरी तापमान बरोबर तिथवर आणावे लागते. धानाच्या राशीचे तसे नाही. ती आपण होऊन ‘आता ढासळेल, मग ढासळेल’ अशा अवस्थेला येऊन पोहोचते आणि तिथेच घुटमळत राहते. १९८७ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत पेर बाक, चाओ तांग आणि कर्ट विझेनफेल्ड या तिघांनी ही कल्पना मांडली. त्यांनी एक अगदी साधा पट कल्पिला, त्यावर वाळूचे कण टाकण्याचा नियम ठरवला आणि तो संगणकावर चालवून पाहिला. लहान घसरणी पुष्कळ, मोठ्या थोड्या, त्याहून मोठ्या आणखी थोड्या, असे त्यांना दिसले. घसरणीचे ‘नेहमीचे’ म्हणावे असे मापच नव्हते. माणसांची उंची पाच-साडेपाच फुटांभोवती असते, तसे इथे काहीच नाही. एका दाण्याची घसरण आणि सबंध पटाची घसरण एकाच नियमातून निघत होती.

पण संगणकावर दिसणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. जगभर शेकडो लोक संगणक चालवत बसले. हे असे का होते, हे मात्र कुणाच्या हाती लागत नव्हते.

दीपक धर यांचा जन्म १९५१ सालचा, उत्तर प्रदेशातल्या प्रतापगढचा. अलाहाबाद आणि कानपूर येथे शिकून ते अमेरिकेत गेले, १९७८ साली कॅलिफोर्नियाच्या प्रसिद्ध तंत्रज्ञान संस्थेची डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी मुंबईला टाटा संस्थेत रुजू झाले. १९८९ साली त्यांनी रामकृष्ण रामस्वामी यांच्याबरोबर या पटाचा एक सोपा प्रकार, ज्यात कण फक्त उताराच्या दिशेनेच जातात, पूर्णपणे सोडवून दाखवला. १९९० साली मूळ पटाची किल्ली सापडली. ती इतकी साधी आहे की आपल्या घरातली मुलेही ती पडताळून पाहू शकतात, आणि त्यांनी पाहावी.

चिंचोक्यांचा पट

फरशीवर खडूने उभी तीन, आडवी तीन अशी नऊ घरे आखा आणि चिंचोके घ्या. नियम असा की एका घरात तीनपर्यंत चिंचोके राहू शकतात. चार झाले की ते घर ढासळते. ढासळलेल्या घराने आपल्या चार बाजूंना एकेक चिंचोका द्यायचा. ज्या बाजूला शेजारी नसेल तिकडचा चिंचोका पटाबाहेर जातो. पाच साठले असतील तर चार वाटायचे, एक राहतो. एवढाच खेळ.

आता प्रत्येक घरात तीन-तीन, म्हणजे २७ चिंचोके मांडा. अठ्ठाविसावा मधल्या घरात ठेवा. मधले घर ढासळते, त्याने चारी शेजाऱ्यांना एकेक दिला की तेही ढासळतात, मग कोपरे ढासळतात, मधले घर पुन्हा भरते आणि पुन्हा ढासळते. सगळे शांत झाले की मोजा. एकूण १० वेळा ढासळणे झालेले असेल, १२ चिंचोके पटाबाहेर गेलेले असतील आणि १६ आत उरलेले असतील. मधले घर रिकामे, चार कोपऱ्यांत एकेक, बाकीच्या चार घरांत तीन-तीन.

आता मधल्या घरात आणखी एक टाका. काही होत नाही. दुसरा टाका, तिसरा टाका, तरीही काही नाही. चौथा टाकला की ६ वेळा ढासळणे होते आणि ४ चिंचोके बाहेर पडतात. चारही चिंचोके सारखेच होते.

खरी गंमत पुढे आहे. एकाच वेळी दोन-चार घरे भरलेली असतात तेव्हा आधी कोणते ढासळवायचे? एका भावाने उजवीकडून सुरुवात करावी, दुसऱ्याने डावीकडून, बहिणीने मनाला येईल तसे. तिघांचे भांडण होणार हे ठरलेले. पण शेवटी तिघांच्याही पटावर अगदी तीच मांडणी येते, आणि कोणते घर किती वेळा ढासळले हा आकडाही तिघांचा तोच येतो. क्रम बदलला तरी फळ बदलत नाही. दोन आणि तीन यांची बेरीज कुठूनही केली तरी पाचच, त्यातलाच हा प्रकार. गणितात या गुणाला नील्स हेन्रिक आबेल या नॉर्वेच्या गणितज्ञाचे नाव आहे. गरिबीत वाढलेला हा तरुण १८२९ साली अवघ्या सव्विसाव्या वर्षी क्षयाने गेला. त्याच्याच नावावरून धर यांनी या पटाला ‘आबेलियन’ वाळूरास म्हटले.

एवढे एक सूत्र हाती आले आणि बंद दरवाजे उघडले. क्रमाची चिंता सुटली म्हणून नेमका हिशेब करता येऊ लागला. उदाहरण घ्या. दोन बाय दोन, म्हणजे चार घरांच्या पटावर शून्य ते तीन चिंचोके मांडण्याचे २५६ प्रकार होतात. पट दीर्घकाळ चालू ठेवला तर त्यांतले फक्त १९२ पुन्हा पुन्हा येतात. बाकीचे ६४ एकदा गेले की परत येत नाहीत. आणि जे १९२ येतात ते सगळे सारख्याच वेळा येतात, कुणी लाडका नाही, कुणी दोडका नाही. नऊ घरांच्या पटावर २,६२,१४४ मांडण्यांपैकी १,००,३५२ टिकतात. सोळा घरांच्या पटावर ४२९ कोटींहून अधिक मांडण्यांपैकी ५५ कोटी ७५ लाख ६८ हजार. हे अंदाज नव्हेत, एकही मांडणी प्रत्यक्ष न मोजता काढलेले नेमके आकडे आहेत.

एखादी मांडणी टिकणारी की जाणारी हे ओळखण्याची युक्ती तर आपल्या तणसाच्या ढिगाची आठवण करून देते. पटाच्या बाहेरून आग लागली आहे असे समजा. ज्या घरात, अजून न जळलेल्या शेजाऱ्यांइतके किंवा त्याहून जास्त चिंचोके आहेत, ते घर जळते. ते जळाले की त्याच्या शेजाऱ्यांचा हिशेब बदलतो, मग त्यांतली काही जळतात. असे करत सबंध पट जळाला तर मांडणी टिकणारी. शेजारी-शेजारी दोन घरे रिकामी असली तर ती कधीच जळत नाहीत, कारण दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात. म्हणून चालत्या पटावर शेजारची दोन घरे एकाच वेळी रिकामी कधी सापडत नाहीत. वर आलेली सोळा चिंचोक्यांची मांडणी या आगीत घालून पाहा, ती पूर्ण जळते.

शेवटच्या दाण्याचा गुन्हा काय?

इथे थोडे विषयांतर करतो, पण ते कौटुंबिक पानाला धरूनच आहे. रास ढासळली की आपले बोट शेवटच्या दाण्याकडे जाते. घरात नवी सून आली आणि त्याच महिन्यात बैल दगावला की ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून तिच्या नावाने बोटे मोडली जातात. शिकल्या-सवरल्या घरांतही ‘पायगुण’ हा शब्द अजून ऐकू येतो. चिंचोक्यांचा पट यावर काय सांगतो ते नीट पाहावे. अठ्ठाविसाव्या चिंचोक्याने दहा वेळा पडझड केली असे दिसते, पण ती पडझड आधीच्या सत्तावीस चिंचोक्यांनी रचून ठेवलेली होती. तोच चिंचोका रिकाम्या घरात पडला असता तर कुणाच्या लक्षातही आला नसता. मोठ्या घसरणीचे कारण पटाच्या स्थितीत असते, टाकणाऱ्याच्या हातात किंवा पडणाऱ्याच्या पायात नसते. बैलाचे कारणही गोठ्यात, चाऱ्यात, रोगात शोधावे लागते. पट माणसांचा नसतो हे मान्य. तरी आपल्या घरच्या मुलींना हा खेळ शिकवताना ही गोष्ट त्यांच्या कानावर घालायला हरकत नसावी.

खऱ्या तांदळाने काय सांगितले

कागदावरचा पट सुटला. पण खरी रास तशीच वागते काय? शास्त्राची खरी परीक्षा इथे असते, आणि इथे सिद्धांताला चटके बसले. १९८९ साली शिकागो विद्यापीठात खरी वाळू घेऊन प्रयोग झाले तेव्हा वाळू पटाप्रमाणे वागली नाही. उतार एका मर्यादेपर्यंत चढायचा, मग मोठी घसरण व्हायची आणि उतार खाली यायचा, पुन्हा चढायचा, पुन्हा घसरण. लहान-मोठ्या सर्व मापांचा तो खेळ दिसेना. वाळूचा कण एकदा गडगडू लागला की स्वतःच्या वेगाने पुढे जात राहतो, दुसऱ्यांनाही ढकलतो. पटावरचा चिंचोका मात्र शेजारच्या घरात जाऊन मुकाट थांबतो. फरक तेवढाच, पण त्याने सगळे बदलते.

मग १९९६ साली ओस्लो विद्यापीठातून, म्हणजे आबेलच्याच देशातून, एक निबंध आला आणि त्यात वाळूऐवजी तांदूळ होता! दोन उभ्या काचांच्या मधल्या फटीत तांदळाचे दाणे एकेक करून सोडायचे आणि रास कशी वाढते, कशी घसरते याची छायाचित्रे घ्यायची, असा तो प्रयोग. लांबट दाण्याच्या तांदळाची रास बाक यांच्या कल्पनेप्रमाणे वागली. लहान घसरणी पुष्कळ, मोठ्या थोड्या, ठरलेले माप नाही. आखूड, गोलसर दाण्याच्या तांदळाची रास तशी वागली नाही. लांबट दाणा घरंगळण्याऐवजी सरकतो, अडतो, लगेच थांबतो. म्हणजे पटावरच्या चिंचोक्याच्या जास्त जवळ जातो. गोलसर दाणा गडगडत जातो.

सिद्धांत खोटा ठरला नाही, त्याची हद्द कळली. कोणत्या राशीला तो लागू आणि कोणत्या राशीला नाही, हे तांदळाच्या दाण्याच्या आकारावरून सांगता येऊ लागले. त्या प्रयोगावरून ‘ओस्लो’ नावाचा नवा पट तयार झाला आणि २००४ साली धर यांनी त्याचाही हिशेब मांडला.

आपल्या भागात तर दाण्यांची वाण काही कमी नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्याने आपल्या बांधीतली वेगळी लोंब हेरून वर्षानुवर्षे निवड करीत एचएमटी हे बारीक धान तयार केले. हातावरच्या घड्याळाचे नाव त्याला मिळाले आणि ते सर्वदूर पसरले. हे एचएमटी आणि एखादे जाड, गोलसर धान शेजारी-शेजारी घेऊन, दोन काचांच्या मध्ये सोडून पाहिले तर काय दिसेल? बोदलकसा किंवा तिरोड्याच्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनात हा प्रयोग मांडायला दोन काचा, लाकडाची एक पट्टी आणि धीर एवढेच लागेल. धीर सर्वांत जास्त, कारण दाणे एकेक करून सोडायचे आहेत.

भूकंपाचे काय, असा प्रश्न साहजिकच येईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे दहा हजार माणसे झोपेतच गाडली गेली, ती आठवण महाराष्ट्र विसरलेला नाही. भूकंपांचेही तसेच आहे: लहान पुष्कळ, मोठे थोडे. तीव्रतेचा आकडा एकाने वाढला की भूकंपांची संख्या साधारण दहाव्या हिश्श्यावर येते. ताण हळूहळू साठतो आणि एकदम सुटतो, म्हणून राशीशी त्याची तुलना होते. परंतु कुणी ही तुलना दाखवून ‘अमुक तारखेला हादरा येणार’ असे सांगू लागला तर त्याला दारातूनच परत पाठवावे. राशीचा हिशेब हेच तर सांगतो की किती घसरणी कोणत्या मापाच्या येतील ते काढता येते, पण खऱ्या राशीत पुढची कोणत्या दाण्याने येईल ते काढायला प्रत्येक दाण्याची स्थिती ठाऊक असावी लागते. जमिनीच्या पोटातली ती स्थिती कुणालाही ठाऊक नसते. घर कसे बांधावे, भिंतीत काय घालावे, हे मात्र ठाऊक आहे. बोदलकशासारखे मातीचे धरण बांधताना अभियंते तरी काय करतात? मातीचा नैसर्गिक उतार जेवढा असेल त्याहून सौम्य उतार देतात, म्हणजे बांध त्या ‘आता पडेल, मग पडेल’ अवस्थेपासून लांब राहतो.

तणसाच्या काड्या

धर यांचे काम राशीवर थांबले नाही. दुसरा एक प्रश्नही खळ्यावरचाच वाटावा असा आहे. काड्यांच्या पेटीतल्या काड्या चौकटीच्या कागदावर टाका, आडव्या किंवा उभ्या, एकीवर दुसरी पडता कामा नये. थोड्या काड्या असतील तर आडव्या-उभ्या निम्म्या-निम्म्या पडतील. संख्या वाढवत नेली तर जागेची टंचाई होते. मग काय? २००७ साली आनंदमोहन घोष आणि दीपक धर यांनी संगणकावर पडताळून दाखवले की काडीची लांबी सात घरे किंवा त्याहून जास्त असेल तर एका टप्प्याला बहुतेक काड्या एकाच दिशेला वळतात. सहा घरांची काडी असेल तर असे होत नाही. कुणी आज्ञा देत नाही, एकमेकींना खेचण्याची ओढही नसते. एका दिशेला राहिल्याने हलायला मोकळीक जास्त मिळते, एवढ्यानेच ही शिस्त येते. हातातल्या घड्याळात आणि टीव्हीच्या पडद्यात जे द्रवस्फटिक असतात त्यांच्या लांबट रेणूंची शिस्तही याच जातीची.

आणखी काड्या कोंबल्या तर? २०१३ साली चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेतील आर. राजेश व जयजित कुंडू, धर आणि ब्राझीलचे युर्गेन स्टिल्क यांनी दाखवले की गर्दी शिगेला पोहोचली की ती शिस्त पुन्हा मोडते आणि आडव्या-उभ्यांचे गठ्ठे पडतात. २०२२ साली राजेश आणि धर यांनी आगम शाह यांच्यासह असे प्रतिपादन केले की लांब काड्यांच्या बाबतीत ही मोडतोड हळूहळू न होता एका उडीत होते, पाणी उकळून वाफ होते तशी.

पुरेशा लांब काड्या एका दिशेला वळतात, हे २०१३ साली मार्गेरिटा डिझेर्टोरी आणि अलेस्सांद्रो ज्युलियानी या गणितज्ञांनी पूर्ण सिद्धही केले. ‘पुरेशा लांब’ म्हणजे त्यांच्या सिद्धतेत फार लांब. सात हा आकडा संगणकाने सांगितला आहे. सहाला नाही आणि सातालाच का, याची कागदावरची सिद्धता अजून कुणीतरी करायची आहे.